काल तर ठीक होतीस, मग आज काय झालं?

पत्र:

ताई, माझं वय ३४. चौदा महिन्यांपूर्वी व्हायरल ताप आला, पाच-सहा दिवसांत उतरला, पण अंगातली ताकद काही परत आली नाही. रात्री नऊ-दहा तास झोपते तरी सकाळी वाटतं झोपलेच नाहीये. घसा, सांधे, डोकं, रोज काहीतरी दुखतं. बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही. थोडा वेळ उभी राहिले की छातीत धडधडतं. चार डॉक्टर झाले, फाईल फुगली, सगळं नॉर्मल. एक म्हणाले टेन्शन घेऊ नका, दुसरे म्हणाले स्टॅमिना वाढवा, रोज चाला. दोन दिवस चालले आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येईना. ऑफिसमधली रजा संपत आलीये. नवरा चांगला आहे, पण परवा तोही म्हणाला, "काल तर ठीक होतीस, मग आज काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही. मुलगी सात वर्षांची आहे, रोज सकाळी विचारते, आई आज तू उठणार आहेस का. आता मलाच माझा संशय येतो की मी खरंच आजारी आहे की आळशी झालेय. हे पत्र लिहायला तीन दिवस लागले. काय करू?

उत्तर:

अगं, आधी एक सांगते, हे उत्तर लांब होणार आहे आणि ते तू एका दमात वाचू नकोस. डोळे जड झाले की फोन बाजूला ठेव, उरलेलं उद्या वाच, परवा वाच, कुठे पळून जात नाहीये. (तू माझ्यापेक्षा बरीच लहान आहेस म्हणून अगंतुगं करतेय, चालेल ना.)

तू विचारलंस आजारी की आळशी. आळशी माणसाला अंथरुणात पडून बरं वाटतं गं. तुला वाटतंय का बरं? तू तर पडल्या पडल्या दहा कामांची यादी करतेयस, मुलीचा डबा, ऑफिसचा मेल, वाळत घातलेले कपडे, आणि यातलं काहीच होत नाही म्हणून स्वतःला टोचून खातेयस. इच्छा सगळी शाबूत आहे आणि अंगात त्राण नाही, याला आळस म्हणत नाहीत. तू आजारी आहेस. हे वाक्य तुला चौदा महिन्यांत कुणी म्हटलं नसेल तर मी म्हणते.

मी डॉक्टर नाही हे तुला माहीत आहे. पण या वाटेवरून मी स्वतः गेलेय, साडेतीन वर्षं, तेही एका तापानंतरच, म्हणून तुझं पत्र वाचताना दोनदा थांबावं लागलं. मला आठवतंय, एका सकाळी एका मोठ्या डॉक्टरांनी माझे रिपोर्ट बघून "एकदम फिट आहात" म्हणून हसून निरोप दिला होता आणि त्याच संध्याकाळी मी केस धुवायला बसले, शांपू लावून झाला आणि हात वर जाईनात. म्हणजे दुखत होते असं नाही, जातच नव्हते, खांद्यापासून कुणीतरी तार कापल्यासारखे. बाथरूमच्या फरशीवर भिंतीला टेकून बसले, नळ चालू, कपाळावरून फेस डोळ्यात येतोय, आणि मी विचार करतेय की आता हाक मारायची तर तेवढा आवाज कुठून आणायचा. शेवटी मान वाकवून नळाखाली डोकं धरलं आणि निम्मा फेस तसाच ठेवून टॉवेल गुंडाळून पडले. दोन दिवस. आणि बाहेर टेबलावर तो रिपोर्ट होता, सगळं नॉर्मल लिहिलेला.

तर रिपोर्ट नॉर्मल म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण तिथेच सगळी गफलत होते. टेस्ट फक्त तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. थायरॉइडची टेस्ट थायरॉइडबद्दल सांगेल, सीबीसी रक्तातल्या पेशींबद्दल सांगेल. "या माणसाला काही झालेलं नाही" असं सांगणारी टेस्ट जगात नाहीये. तुझ्या रिपोर्टचा अर्थ एवढाच की जे शोधलं ते सापडलं नाही, आणि तीही एका अर्थी चांगली बातमी आहे कारण बरेच वाईट आजार त्यातून वगळले गेले. पण तिथून "म्हणजे मनाचं आहे" इथपर्यंत जी उडी मारली जाते तिला काही आधार नसतो. पोटातल्या अल्सरचंच बघ ना, वर्षानुवर्षं पेशंटला सांगत होते की तुम्ही फार चिंता करता, तिखट खाता म्हणून होतो, आणि मग १९८० च्या दशकात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांनी दाखवलं की बहुतेकांच्या पोटात एक जंतू आहे आणि तो अँटिबायोटिकने जातो. मार्शलनी तर १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन दाखवला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तोपर्यंत किती जणांनी "मी चिंता करते म्हणूनच दुखतं" असं स्वतःला बोल लावत दिवस काढले असतील, त्याचा हिशोबच नाही.

तू जे लिहिलंयस त्याला नाव असू शकतं. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, थोडक्यात एमई/सीएफएस. हे काही नवीन फॅड नाही, जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्येच हा आजार मज्जासंस्थेच्या आजारांत घातलाय. त्याच्या आधी १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये जवळपास ३०० कर्मचारी, त्यात नर्स आणि डॉक्टरही होते, असे काही महिन्यांत एकापाठोपाठ आजारी पडले की हॉस्पिटल बंद ठेवावं लागलं. आणि १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर वाचून लिहून टाकलं की हा सामूहिक उन्माद होता, कारण आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या. मला हे जेव्हा कळलं तेव्हा फार राग आला होता आणि थोडं हलकंही वाटलं होतं, की हे फक्त माझ्या वाट्याला आलेलं नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने या आजाराचे निकष सोपे करून मांडले, ते तुझ्या पत्राशेजारी ठेवून बघ. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ आधीसारखं काम, घर, बाहेर हे करता न येणं आणि त्याबरोबर असा थकवा जो आराम करूनही फारसा जात नाही. थोडंही जास्त झालं की सगळी लक्षणं उसळून येणं. झोपून उठल्यावर ताजं न वाटणं. या तीन गोष्टी हव्यातच आणि त्याबरोबर दोनपैकी एक तरी, डोकं न चालणं किंवा उभं राहिलं की त्रास वाढणं. तुझ्या पत्रात मला पाचही दिसतात. ताप जर कोविडचा असेल तर डॉक्टर लाँग कोविड म्हणतील, दोन्हींचा बराच भाग एकमेकांत मिसळलेला आहे. पण मी पत्रावरून निदान करत नाहीये हां, ते तुझ्या डॉक्टरांनी करायचंय, मी फक्त सांगतेय की हा प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जा.

आता त्या चालण्याबद्दल, कारण माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि तू ती जाता जाता लिहिलीयस. दोन दिवस चालले आणि तिसऱ्या दिवशी उठता येईना. या आजाराची खूण हीच आहे. पोस्ट एक्झर्शनल मलेज म्हणतात, पेशंट नुसतं क्रॅश म्हणतात. श्रम केले की त्याचा फटका लगेच बसत नाही, काही तासांनी बसतो, बऱ्याचदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, आणि मग दिवसेंदिवस राहतो. श्रम म्हणजे फक्त चालणं नाही, एक तासाची मीटिंग, फोनवरचं भांडण, गोंगाटाच्या खोलीत बसणं, एखादा अवघड फॉर्म भरणं, हेही त्यातच येतं. यावर एक टेस्ट केली जाते, सायकल चालवायला लावून श्वास मोजतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच टेस्ट करतात. निरोगी माणसाचे दोन्ही दिवसांचे आकडे जवळपास सारखे येतात, नुसता स्टॅमिना गेलेल्या, व्यायाम सुटलेल्या माणसाचेही सारखेच येतात. एमई असलेल्या बऱ्याच जणांचे दुसऱ्या दिवशी खाली येतात. म्हणजे एकदाच तपासलं तर हे दिसतच नाही. तू डॉक्टरांकडे जातेस तेही तुझ्या त्यातल्या त्यात बऱ्या दिवशी, नीट कपडे घालून, उसनं अवसान आणून, आणि त्यांना दिसते ती फक्त तेवढीच तू. नंतरच्या दोन दिवसांची तू कुणाला दिसत नाहीस.

म्हणून नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या हातात देते. "काल तर ठीक होतीस, मग आज काय झालं?" काल ठीक होते म्हणून काल कपडे धुतले, मुलीचा अभ्यास घेतला, ऑफिसचं काम उरकलं, आणि त्याचंच बिल आज आलंय. काल केलं त्यामुळेच आज हे झालंय. त्याला हे एकदा शांतपणे समजावून सांग, तुझ्या बऱ्या वेळी, आणि हे पत्रही वाचायला दे. मला वाटतं तो वाईट हेतूने विचारत नाहीये. बाहेरून बघणाऱ्याला कारण आणि परिणाम यांच्यात दोन दिवसांचं अंतर असलं की नातं दिसतच नाही, मला स्वतःला माझ्याच शरीरात ते दिसायला आठ महिने लागले.

"रोज थोडं थोडं वाढवत चाला" हा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांचाही मला राग नाही, कारण पूर्वी तो पुस्तकी सल्लाच होता. ग्रेडेड एक्झरसाइज म्हणायचे, दर आठवड्याला ठरवून थोडं वाढवायचं, कसंही वाटो. पण ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये आपली जुनी मार्गदर्शक तत्त्वं बदलली आणि एमई/सीएफएसमध्ये असा ठरवून वाढवत नेणारा व्यायाम देऊ नये असं स्पष्ट लिहिलं, समुपदेशनही आजार बरा करायचं औषध म्हणून नाही तर आधार म्हणून द्यावं असं म्हटलं. ही माहिती डॉक्टरांना नम्रपणे दाखव. सगळ्यांपर्यंत ती पोचलेली नाहीये.

त्याआधी एक काम, फाईल एकदा नीट लावून बघ की खरंच सगळं तपासलंय का. बऱ्याचदा "सगळं नॉर्मल" म्हणजे त्याच तीन टेस्ट चार वेळा केलेल्या असतात. थायरॉइड, शुगर, लिव्हर, किडनी, कॅल्शियम, ईएसआर किंवा सीआरपी (अंगात कुठे सूज आहे का ते सांगणाऱ्या टेस्ट), बी१२, व्हिटॅमिन डी हे बहुतेक झालंच असेल. फेरिटिन झालंय का बघ, कारण हिमोग्लोबिन चांगलं असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो आणि त्यानेही थकवा येतो, विशेषतः पाळीत जास्त रक्त जात असेल तर. सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडतं तो आजार) रक्ततपासणी झालीये का. रात्री घोरतेस का, झोपेत श्वास अडकतो असं नवरा म्हणतो का, तसं असेल तर स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत केलेली तपासणी. यातलं काही सापडलं तर आनंदच आहे गं, त्यावर इलाज आहे.

आणि ती उभं राहिल्यावरची धडधड, ती सोडून देऊ नकोस. यासाठी एक साधी तपासणी आहे जी डॉक्टर मोठ्या मशीनशिवाय क्लिनिकमध्ये करू शकतात. दहा मिनिटं शांत झोपवून नाडी आणि बीपी घेतात, मग भिंतीला पाठ टेकून उभं करतात, न हलता, आणि दर मिनिटाला पुन्हा घेतात, दहा मिनिटं. बीपी न पडता नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून वरच राहिली तर त्याला पॉट्स म्हणतात. घरी एकटीने करू नकोस, चक्कर येऊन पडशील. माझी नाडी झोपून ७२ आणि उभं राहिल्यावर ११० च्या वर गेली होती आणि तोपर्यंत तीन ठिकाणी मला घाबरट म्हटलं गेलं होतं. यावर औषधं आहेत, कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज म्हणजे पायांवर दाब देणारे घट्ट मोजे आहेत, पाणी आणि मीठ वाढवणं आहे (बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको). मूळ थकवा याने गेला नाही माझा, पण आंघोळ उभ्याने करता यायला लागली आणि तेव्हा ती फार मोठी गोष्ट होती.

आता रोजचं काय करायचं. खरं सांगते, एमई बरा करणारं औषध अजून नाहीये. जे हातात आहे त्याला पेसिंग म्हणतात आणि ते ऐकायला सोपं आणि करायला फार अवघड आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना, ते शब्दशः. तुझ्याकडे आज जेवढी ताकद आहे त्याच्या आत राहायचं. आपण काय करतो, बरा दिवस आला की चार दिवसांचं साचलेलं काम त्याच दिवशी काढतो, कारण उद्याची खात्री नसते, आणि मग उद्या खरंच पडतो. ही साखळी तोडायची. बऱ्या दिवशी कमी करायचं. हे वाक्य मी लिहितेय तेवढं सरळ नाहीये, बरा दिवस सोडून देताना रडू येतं, माहितीये मला.

पहिले दोन आठवडे काहीच बदलू नकोस, फक्त एक वही ठेव. रोज तीन-चार ओळी. काय केलं, किती वेळ, आणि त्या दिवशी कसं होतं, शून्य ते दहा. जास्त लिहू नकोस, लिहिण्याचाही खर्च आहे. दोन आठवड्यांनी नवऱ्याला शेजारी बसव आणि प्रत्येक वाईट दिवसापासून दोन दिवस मागे बोट ने. माझ्या वहीत मंगळवार नेहमी वाईट निघायचा, मी सोमवारला दोष द्यायचे, आणि कारण निघालं रविवार. रविवारी घरात माणसं यायची, मी काही कामही करायचे नाही, नुसती बसून बोलायचे, तीन तास. बोलण्याने मी मंगळवारी आडवी पडतेय हे मला वहीशिवाय कधीच कळलं नसतं. मग माणसं यायचीच, पण मी पाऊण तास बसून सगळ्यांना सांगून आत जाऊन पडायचे, आणि सुरुवातीला लोकांना विचित्र वाटलं, नंतर सवय झाली.

वहीवरून तुझी मर्यादा दिसली की तिच्याही थोडं अलीकडे थांबायचं. थकवा जाणवल्यावर थांबलं तर उशीर झालेला असतो, अजून करता येईल असं वाटत असताना थांबायचं. कामाचे तुकडे कर, दहा मिनिटं काम आणि मग खरा आराम. खरा म्हणजे डोळे मिटून, खोलीत अंधार, फोन दूर. पडून फोन बघणं हा डोक्यासाठी आराम नाही, हे मला पटायला फार वेळ लागला. बसून होणारं काम उभ्याने करू नकोस, बाथरूममध्ये स्टूल ठेव, ओट्याशी उंच स्टूल ठेव, आणि त्याची लाज बाळगू नकोस. मनगटावर नाडी दाखवणारं घड्याळ असेल तर आठवडाभर सकाळी उठायच्या आधीची नाडी लिही, त्याची सरासरी काढ, त्यात १५ मिळव, आणि दिवसभर शक्यतो त्याच्या खाली राहायचा प्रयत्न कर, वर गेली की बस किंवा पड. हा ढोबळ हिशोब आहे, बरेच पेशंट वापरतात, मला जिन्याच्या बाबतीत फार उपयोगी पडला, कारण अर्ध्या जिन्यावर बसायचं हे मला घड्याळानेच शिकवलं. पॉट्स निघालं तर मात्र हा आकडा जुळणार नाही, तेव्हा डॉक्टरांशी बोलून ठरव.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना फाईल नको, एक पान ने. त्यावर "खूप थकवा येतो" असं लिहू नकोस, थकवा सगळ्यांनाच येतो, डॉक्टरांनाही येतो. असं लिही: आजाराआधी आठ तास नोकरी आणि घर करत होते, आता सलग वीस मिनिटं बसून काम होतं. केस धुतले की दीड तास पडावं लागतं. दोन दिवस पंधरा मिनिटं चालले आणि मग चार दिवस अंथरुणात. तुझे खरे आकडे घाल. खाली दोन-तीनच प्रश्न. नवऱ्याला बरोबर ने आणि त्याला बोलू दे, घरातलं दुसरं माणूस जे बघतं ते सांगितलं की डॉक्टर वेगळ्या कानाने ऐकतात, असायला नको असं पण असतं. एका डॉक्टरने ऐकलंच नाही तर दुसऱ्याकडे जा, पण दहा ठिकाणी फिरू नकोस, प्रत्येक फेरीचा क्रॅश तुलाच भोगायचाय. एखादे फिजिशियन असे शोध जे म्हणतील, "मला सगळं माहीत नाही पण आपण बघत राहू." मला असे डॉक्टर पाचव्या प्रयत्नात मिळाले आणि त्यांनी पहिल्या दिवशी काहीही वेगळं औषध दिलं नाही, नुसतं पूर्ण ऐकून घेतलं, मी बाहेर येऊन रिक्षात रडले.

एक सावधानता. नाव मिळालं की प्रत्येक नवीन दुखणं त्याच खात्यात टाकायचा मोह होतो, तसं अंगावर काढू नकोस. वजन आपोआप उतरतंय, रात्री घामाने कपडे भिजतायत, गाठ लागतेय, कुठून रक्त जातंय, छातीत दुखतंय, बेशुद्ध पडलीस, हातापायातली शक्ती एका बाजूने गेली, असलं काहीही झालं तर लगेच दाखवायचं, वाट बघायची नाही. आणि चमत्काराने बरं करतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. आपण इतके हतबल झालेलो असतो की कुणीही काहीही विकू शकतं. जो आधी पैसे मागतो आणि "पूर्ण बरं होण्याची गॅरंटी" देतो त्याच्याकडे जायचंच नाही, एवढा एक नियम पाळ.

मनाचं पण बोलूया. डिप्रेशनने हे झालं असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही. डिप्रेशनमध्ये बहुतेक वेळा करावंसंच वाटत नाही, तुला करावंसं वाटतंय आणि होत नाहीये. पण चौदा महिने असे काढल्यावर, त्यात कुणी विश्वास ठेवत नसताना, मन खचणं अगदी साहजिक आहे आणि त्याच्यासाठी मदत घेणं म्हणजे "सगळं मनाचंच होतं" असं कबूल करणं नव्हे. काउन्सेलर बघ, शक्यतो ऑनलाइन, पडून बोलता येईल असा. आणि कधी असं वाटलं की आता नकोच हे सगळं, जगणंच नको, तर ते त्याच दिवशी नवऱ्याला आणि डॉक्टरांना सांगायचं. माझ्या मनात असे विचार दोनदा आले होते. सांगितलं म्हणून आज हे लिहितेय.

ऑफिसमध्ये राजीनामा आत्ता देऊ नकोस, घाईत तर नाहीच. आधी डॉक्टरांकडून लेखी घे, मग अर्धा वेळ, घरून काम, मीटिंगला कॅमेरा बंद, मध्ये विश्रांती, जे मागता येईल ते माग. आणि परत रुजू होताना "पुढच्या सोमवारपासून पूर्ण वेळ" असं कबूल करू नकोस, मी केलं होतं आणि सहा महिने मागे गेले.

बरी होशील का, हे तू विचारलं नाहीस पण मनात असेल. बरेच जण हळूहळू सुधारतात, पण मोठ्या माणसांत पूर्ण पहिल्यासारखं होणं कमी वेळा दिसतं, मी तुला खोटं सांगणार नाही. मी स्वतः आधीच्या साधारण सत्तर टक्क्यांवर आहे. संशोधन मात्र आता खरंच होतंय, २०२५ मध्ये ब्रिटनच्या डीकोडएमई या अभ्यासात १५ हजारांहून जास्त पेशंटचे जीन्स तपासले आणि आठ जागा अशा सापडल्या जिथे पेशंटमध्ये फरक दिसतो, त्यातल्या काही प्रतिकारशक्तीशी आणि मज्जासंस्थेशी संबंधित आहेत. यातून उद्या औषध निघणार नाही, पण आता कुणी उन्माद म्हणून फाईल बंद करू शकणार नाही.

आणि तुझी मुलगी. तिच्या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त त्रास झाला. तू बहुतेक तिला "हो हो, उठते थोड्या वेळाने" म्हणत असशील आणि मग उठता येत नसेल, आणि ती वाट बघत असेल. तसं करू नकोस. सात वर्षांच्या मुलीला खरं कळतं. तिला सांग की आईची बॅटरी लवकर संपते आणि चार्ज व्हायला फार वेळ लागतो, डॉक्टर बघतायत, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही (हे मुद्दाम सांग, या वयाची मुलं गुपचूप असंच समजून बसतात). रोज सकाळी तिने विचारलं की आकडा सांगायचा. आज दहा मिनिटं, आज अर्धा तास, आज फक्त पडून. आणि जेवढा सांगितला तेवढा तिचा, आधी तिचा, मग कपड्यांचा आणि मेलचा. पडून पत्ते खेळता येतात, पडून पुस्तक ऐकता येतं, तिने वाचायचं आणि तू डोळे मिटून ऐकायचं, ती अडखळली की शब्द सांगायचा. तुला शब्द सापडला नाही तर दोघींनी मिळून शोधायचा.

सहा आठवड्यांनी वहीत काय दिसलं ते मला कळव. दोन ओळी पुरेत, आणि तुझ्यातर्फे नवऱ्याने टाइप केलं तरी चालेल.